वाचकांचे प्रश्न : इंग्रजी वाक्प्रचार आणि मराठी चकवे

स्पर्धा परीक्षांतील इंग्रजीविषयी या सदराकडे अलीकडे जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी वाक्प्रचारांसंबंधी आहेत आणि त्यांतलीही बहुतेक पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ व शास्त्री रोड या परिसरातील अभ्यासिकांमधून आली आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्यामुळे सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. इंग्रजी वाक्प्रचार येथे देवनागरीत दिले असून त्यांचे स्पेलिंग वाचकांनी शब्दकोशात पाहून आपल्या वहीत उतरवून घ्यावे. तेवढ्या निमित्ताने शब्दकोश उघडला जाईल.

प्रश्न : सराव परीक्षेत ‘टु पुल समवन्स लेग’ याचा अर्थ मी ‘एखाद्याच्या प्रगतीत अडथळा आणणे’ असा निवडला आणि गुण गेला. मराठीत पाय ओढणे म्हणजे हेच ना? मग उत्तर चूक कसे? (शास्त्री रोडवरील एक विद्यार्थिनी)

उत्तर : मराठीतल्या पाय ओढण्याचा अर्थ आपण अचूक सांगितला आहे, इंग्रजीतल्या पाय ओढण्याचा मात्र तो अर्थ नाही. इंग्रज माणूस दुसऱ्याचा पाय ओढतो तेव्हा तो त्याची थट्टा करत असतो, खोटेच काहीतरी खरे म्हणून सांगून त्याला क्षणभर फसवत असतो आणि त्यात वाकडेपणा नसतो. आपल्याकडे टोपलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात, आणि तिथे थट्टेचा प्रश्नच येत नाही. गंमत अशी, की महाविद्यालयातली मुले बोलताना ‘अरे, माझी खेचू नकोस’ असे म्हणतात, ते इंग्रजी अर्थाच्या अगदी जवळ जाते. परीक्षेच्या वेळी आपल्याला ‘पाय ओढणे’ आठवण्याऐवजी ‘खेचणे’ आठवले असते, तर गुण हाती लागला असता.

अशा जोड्यांना मी चकवा म्हणतो. रात्रीच्या वेळी ओळखीची वाट समजून माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो, तसे हे शब्द ओळखीचे वाटतात आणि फसवतात. जो वाक्प्रचार पूर्णपणे अनोळखी असतो, त्याच्यापाशी विद्यार्थी निदान थबकतो. ओळखीच्या अवयवाचे नाव दिसले, की तो न थांबता खूण करून पुढे जातो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही हे पक्के ठाऊक असते, त्यामुळे चार पर्यायांत शब्दशः अर्थाचा एक पर्याय बहुधा ठेवलेला असतो.

माझ्या स्वतःच्या फजितीचे एक उदाहरण सांगतो. संध्याकाळच्या वर्गांवर नुकताच शिकवू लागलो होतो, तेव्हा ‘टु वॉश वन्स हँड्स ऑफ’ हा वाक्प्रचार आला आणि मी फळ्यावर खुशाल ‘हात धुऊन घेणे’ असे लिहून मोकळा झालो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, म्हणजे वाहत्या गंगेत?” वर्ग हसला आणि माझ्या हातातला खडू तसाच राहिला. आपल्याकडे हात धुऊन घेणारा माणूस संधीचा लाभ उठवतो, तर इंग्रजीत हात धुणारा माणूस ‘यापुढे या प्रकरणाशी माझा संबंध नाही’ असे जाहीर करतो. बायबलमध्ये रोमन सुभेदार पिलात याने येशूला शिक्षा देण्याच्या प्रसंगी जमावासमोर पाण्याने हात धुतले आणि आपण या रक्तपातापासून अलिप्त आहोत असे सांगितले, तिथून हा प्रयोग आला. मराठीत त्याच्याशी जुळणारे शब्द ‘हात झटकणे’ किंवा ‘अंग काढून घेणे’ हे आहेत. एक जण गंगेकडे धावतो आहे आणि दुसरा गंगेपासून पळतो आहे, इतका हा फरक मोठा आहे.

तिसरा चकवा अधिक सूक्ष्म आहे. ‘अ फिश आउट ऑफ वॉटर’ हे शब्द वाचताच मराठी मनाला तुकोबांच्या अभंगातली पाण्यावेगळी झालेली मासोळी आठवते आणि आपण ‘तळमळणे, जीव कासावीस होणे’ असा अर्थ लावतो. तुकोबांच्या मासोळीला विरह आहे, इंग्रजीतल्या माशाला फक्त अवघडलेपण आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारहून आलेला मुलगा पेठेतल्या मेसमध्ये पहिल्या दिवशी ताट घेऊन उभा राहतो, वाढप्याला ‘पुरे’ कधी म्हणावे आणि ताट नंतर कुठे ठेवावे हे त्याला कळत नाही, सगळे जण सवयीने भराभर जेवून उठत असतात आणि तो तेवढा इकडेतिकडे पाहत राहतो. ती अवस्था म्हणजे इंग्रजीतला पाण्याबाहेरचा मासा होय. पर्यायांत ‘तीव्र वेदनेत असणे’ आणि ‘अपरिचित वातावरणात अवघडणे’ असे दोन्ही असतील, तर दुसरा घ्यावा.

हत्तीचेही तसेच आहे. दारी हत्ती झुलणे हे आपल्याकडे वैभवाचे लक्षण, तर ‘अ व्हाइट एलिफंट’ म्हणजे पोसायला परवडत नाही आणि टाकूनही देता येत नाही अशी वस्तू. वर्तमानपत्रांनी ‘पांढरा हत्ती’ हे भाषांतर इतके रूढ केले आहे, की येथे फसणारे आता थोडेच उरले आहेत.

याचा अर्थ मराठीकडे पाठ फिरवून इंग्रजी वाक्प्रचार शिकावेत, असा मात्र कृपया काढू नये. ‘टु बी ऑल इअर्स’ याला ‘जिवाचे कान करणे’ याहून चांगला अर्थ कोणतेही गाइड देऊ शकणार नाही. ‘अ नाइन डेज वंडर’ आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ यांत तर नवाचा आकडासुद्धा जुळतो. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ आणि ‘टर्न अ डेफ इअर’ असे दोन वेगळे प्रयोग इंग्रजीला करावे लागतात. पाहूनही न पाहिल्यासारखे करणे आणि ऐकूनही न ऐकल्यासारखे करणे ही दोन्ही कामे आपला ‘कानाडोळा’ एकटा करतो. प्रश्न फक्त एवढाच विचारावा, की हा प्रयोग कोणत्या प्रसंगी केला जातो आणि त्याच प्रसंगी माझी आजी काय म्हणाली असती. शब्दाला शब्द जुळवू नये, प्रसंगाला प्रसंग जुळवावा.

प्रश्न : अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या एका जुन्या गाइडमध्ये ‘हॉब्सन्स चॉइस’ याचा अर्थ ‘दोन वाईट गोष्टींतून एक निवडण्याची वेळ येणे’ असा छापला आहे. माझा मित्र म्हणतो की तो चूक आहे. पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. (नवी पेठ)

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. टॉमस हॉब्सन हा केंब्रिजमध्ये घोडे भाड्याने देणारा व्यावसायिक होता आणि तो १६३१ मध्ये वारला. त्याच्या तबेल्यात घोडे पुष्कळ होते, परंतु गिऱ्हाइकाला निवड करू दिली, तर चांगल्या घोड्यांनाच रोज दामटले जाईल हे तो जाणून होता. म्हणून त्याने पाळी ठरवली आणि दाराजवळ जो घोडा उभा असेल तोच न्यायचा, नको असेल तर पायी जायचे, असा नियम केला. म्हणजे देखावा निवडीचा आणि प्रत्यक्षात पर्याय एकच. गाइडकर्त्याने जो अर्थ दिला आहे, तो ‘ऑन द हॉर्न्स ऑफ अ डिलेमा’ किंवा ‘बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी’ यांचा, म्हणजे आपल्या ‘इकडे आड, तिकडे विहीर’ याचा आहे. आड आणि विहीर मिळून दोन होतात; हॉब्सनच्या दारात घोडा एकच असतो. ‘चॉइस’ या शब्दावर विसंबून अर्थ लावल्यामुळे ही चूक झालेली दिसते.

जुनी पुस्तके निम्म्या किमतीत मिळतात म्हणून घेण्यात वावगे काही नाही. मात्र त्यांतल्या चुका पुढच्या गाइडांत जशाच्या तशा उतरतात आणि तीन पुस्तकांत एकच अर्थ सापडला म्हणजे तो खरा असलाच पाहिजे, असे विद्यार्थ्याला वाटू लागते. संशय आला तर चौथे गाइड पाहू नये, चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश पाहावा. आपल्याला जो संशय आला, त्याला इंग्रजीत ‘टु स्मेल अ रॅट’ म्हणतात आणि आपण कुठेतरी पाणी मुरते आहे असे म्हणतो.

प्रश्न : वाक्प्रचारामागची गोष्ट माहीत असली म्हणजे तो लक्षात राहतो, असे आमच्या वर्गात सांगतात. मोबाइलवर अशा गोष्टी रोज येतात. त्या वाचण्यात वेळ घालवावा का? (चिंचवड)

उत्तर : गोष्ट खरी असेल तर अवश्य वाचावी. अडचण अशी आहे, की फिरणाऱ्या गोष्टींतल्या पुष्कळशा नंतर रचलेल्या असतात. गवताने शाकारलेल्या छपरांवरून कुत्री-मांजरे घसरून पडत, म्हणून ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा प्रयोग आला, ही गोष्ट आपल्यालाही आली असेल. ती सपशेल थाप आहे. मुसळधार पाऊस एवढा अर्थ ठाऊक असणे पुरेसे आहे, आणि खरे सांगायचे तर आजच्या बोलण्यात हा प्रयोग क्वचितच होतो; परीक्षांच्या यादीत मात्र तो ठाण मांडून बसला आहे.

ज्या वाक्प्रचारांत माणसाचे किंवा जागेचे नाव आहे, त्यांच्या बाबतीत मात्र इतिहास खरोखर उपयोगी पडतो, आणि पुण्यातल्या विद्यार्थ्याला तर तो विशेष सोपा जावा. ‘टु मीट वन्स वॉटर्लू’ हा प्रयोग घ्या. १८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममधील वॉटर्लू येथे नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. आपण याचे भाषांतर ‘पानिपत होणे’ असे चटकन करतो आणि परीक्षेपुरते ते चालतेही, कारण १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस मराठी भाषेत सर्वनाशाचे दुसरे नाव होऊन बसला आहे. तरीही छटा वेगळी आहे. पानिपत निवडणुकीतल्या पक्षाचे, व्यापारातल्या भांडवलाचे, एखाद्या चांगल्या बेताचेही होऊ शकते. वॉटर्लू मात्र त्याच्याच वाट्याला येते, जो आजवर जिंकत आलेला आहे आणि ज्याला अखेर त्याच्यापेक्षा भारी कुणीतरी भेटले आहे. पहिल्याच फेरीत गारद झालेल्या खेळाडूला वॉटर्लू भेटले असे म्हणत नाहीत.

‘टु क्रॉस द रुबिकॉन’ आणि ‘टु बर्न वन्स बोट्स’ या दोहोंत विद्यार्थी नेहमी घोटाळतात. रुबिकॉन ही उत्तर इटलीतली लहानशी नदी. आपल्या प्रांतातून सैन्यासह ती ओलांडून इटलीत येणे हे रोमविरुद्धचे बंड ठरत असे, आणि इ.स.पूर्व ४९ मध्ये ज्युलियस सीझरने ती ओलांडली. म्हणून रुबिकॉन ओलांडणे म्हणजे ज्यातून माघार नाही असा निर्णय घेणे. नावा जाळणारा मात्र माघारीचे साधन स्वतःच्या हाताने नष्ट करतो. त्याचा मराठी जोडीदार आपल्या डोळ्यांसमोर, सिंहगडावर आहे. १६७० च्या लढाईत तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना सूर्याजीने ‘दोर कापून टाकले आहेत’ असे सांगितल्याची जी कथा आहे, तिच्यामुळे ‘परतीचे दोर कापणे’ हा प्रयोग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. रविवारी गडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्यांनी कड्यावरून एकदा खाली पाहावे, म्हणजे ‘बर्न वन्स बोट्स’ पुन्हा विसरायला होणार नाही.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत हजार वाक्प्रचारांची यादी फिरते आहे. रोज पन्नास पाठ करतो, पण आठवड्याने निम्मे विसरतो. काय करावे? (सदाशिव पेठ)

उत्तर : यादी वर्णानुक्रमे लावलेली असेल तर विसरणे स्वाभाविक आहे. ‘ॲपल’पासून सुरू होणारी ओळ पाहा. ‘द ॲपल ऑफ वन्स आय’ म्हणजे गळ्यातला ताईत, ‘ॲन ॲपल ऑफ डिस्कॉर्ड’ म्हणजे भांडणाचे मूळ, ‘इन ॲपल-पाय ऑर्डर’ म्हणजे अगदी टापटिपीत आणि ‘टु अपसेट द ॲपल कार्ट’ म्हणजे जमलेला बेत उधळणे. ही चारही सफरचंदे एका टोपलीत ठेवली, की ती एकमेकांत मिसळणारच. एकाचा दुसऱ्याशी अर्थाने काहीही संबंध नाही. केवळ फळ सारखे आहे.

त्याऐवजी वहीचे एक पान एका प्रसंगाला द्यावे. नमुन्यादाखल पैशाच्या तंगीचे पान घेऊ. महिन्याच्या पंचवीस तारखेला मेसचे बिल, कॉटचे भाडे आणि परीक्षेचे शुल्क एकदम अंगावर येतात आणि घरून पैसे यायला अवकाश असतो, हे चित्र पानाच्या माथ्यावर दोन ओळींत लिहावे. मग त्याखाली ‘टु मेक बोथ एंड्स मीट’ लिहावे, म्हणजे जमाखर्चाची तोंडमिळवणी करणे. ‘टु लिव्ह फ्रॉम हँड टु माउथ’ लिहावे, म्हणजे हातावर पोट असणे. ‘टु रॉब पीटर टु पे पॉल’ लिहावे, म्हणजे एकाचे कर्ज काढून दुसऱ्याचे फेडणे, ज्याला आपण याची टोपी त्याच्या डोक्यावर घालणे म्हणतो. खोलीतल्या जोडीदाराकडून उसने घेऊन मेसवाल्याला देणारा प्रत्येक विद्यार्थी हा तिसरा प्रयोग दरमहा जगत असतो, त्यामुळे तो पाठ करण्याची गरजच पडू नये. ‘टु पे थ्रू द नोज’ याच पानाच्या तळाशी जाईल: अव्वाच्या सव्वा किंमत मोजणे. दुसरे पान रागाचे, तिसरे भांडणाचे, चौथे फजितीचे. अशी पंचवीस-तीस पाने झाली, की हजाराच्या यादीतला कामाचा भाग त्यांत आलेला असतो.

लिहिताना आणखी एक पथ्य पाळावे. वाक्प्रचार संपूर्ण लिहावा, त्यातले ‘द’, ‘अ’, ‘ऑफ’ गाळू नयेत. चूक शोधा या प्रकारच्या प्रश्नांत नेमके तेच बदललेले असते. ‘टु लूज हार्ट’ म्हणजे धीर सोडणे. ‘टु लूज वन्स हार्ट टु’ म्हणजे कुणाच्या तरी प्रेमात पडणे. दोन बारक्या शब्दांनी निराश माणूस प्रेमवीर होतो. तसेच ‘ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स’ यातली दोन्ही अनेकवचने सोडून चालत नाही. ती सोडली तर ‘गोंधळाच्या स्थितीत’ हा अर्थ जाऊन सहा-सातची वेळ तेवढी उरते.

प्रश्न : अर्थ नक्की माहीत नसेल तर अंदाजाने खूण करावी का? (हडपसर)

उत्तर : हे परीक्षेच्या गुणपद्धतीवर अवलंबून आहे आणि त्याचे गणित दोन ओळींचे आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे असतात, बरोबर उत्तराला २ गुण मिळतात आणि चुकीला अर्धा गुण वजा होतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोघांतून एक निवडण्यात सरासरीने पाऊण गुणाचा फायदा आहे, म्हणून तिथे खूण करावी. जिथे चुकीला एक तृतीयांश गुण कापला जातो, तिथे चारही पर्यायांवर आंधळा नेम धरला तर सरासरी शून्यावर येते, आणि वेळ वाया जातो तो निराळाच. वाक्प्रचाराच्या प्रश्नात शब्दशः अर्थाचा पर्याय बहुधा पहिल्यांदा बाद करता येतो, हे वर आलेच आहे.

प्रश्न : मुख्य परीक्षेच्या इंग्रजी निबंधात मराठी वाक्प्रचारांचे भाषांतर करून वापरले तर चालते का? उदाहरणार्थ, ‘ध चा मा करणे’ याला इंग्रजीत काय म्हणावे? (कोथरूड)

उत्तर : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा आणि केवळ पात्रतेसाठी असतो, त्यात २५ टक्के गुण मिळवायचे असतात. तिथे भाषा सरळ आणि निर्दोष असणे महत्त्वाचे, अलंकारांसाठी वेगळे बक्षीस नाही. ज्या म्हणीला इंग्रजीत तयार जोडीदार आहे, तिथे तो वापरावा. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे मनात आले, तर अंगण इंग्रजीत नेऊ नये. ‘अ बॅड वर्कमन क्वॉरल्स विथ हिज टूल्स’ हे वाक्य त्याच कामासाठी तिकडे कधीचे तयार आहे.

‘ध चा मा’ ही गोष्ट मात्र वेगळी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि रघुनाथरावांच्या पत्रातल्या ‘धरावे’ या शब्दातला ‘ध’ खोडून आनंदीबाईंनी ‘मा’ केला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. एका अक्षराच्या फेरफारात माणसाचा जीव, घरातले वैर आणि कागदावरची लबाडी ही तिन्ही एकत्र यावीत, असा इंग्रजी वाक्प्रचार माझ्या पाहण्यात नाही. शब्दशः भाषांतर केले तर तपासनिसाला देवनागरी लिपी, मोडी कागद आणि पेशवाईची भाऊबंदकी एवढे सगळे समजावून द्यावे लागेल, आणि तोवर निबंधाची शब्दमर्यादा संपलेली असेल. अशा वेळी ‘टु टँपर विथ अ डॉक्युमेंट’ असे साधे क्रियापद लिहावे आणि पुढच्या वाक्याकडे वळावे.